तालुक्याचा इंग्रजी क्लास: 'जवळ'चा धडा पैसे वसूल, नोट्स मात्र रद्दी

ताडोबात गाईड असाल, जिप्सी चालवत असाल आणि इंग्रजीचा क्लास लावायचं मनात असेल, तर तालुक्याला बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर जो क्लास चालते त्याबद्दल लिहून ठेवते. नाव देत नाही, खाली चहावाल्याला विचारलं की तो दाखवते. फी दीड हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. बॅच मंगळवारी, कारण मंगळवारी गेट बंद. एवढा विचार आमच्यासाठी कोण करते, बाप्पा!

सरांनी व्याकरणाचं पुस्तक उघडलंच नाही. गाडीत बसल्यावर सगळ्यात जास्त काय सांगता, एवढंच विचारलं. आम्ही सगळे म्हटलो, जनावर कुठं आहे अन् किती जवळ आहे. मग 'जवळ' याच एका गोष्टीवर त्यांनी जो धडा घेतला, तो बाकीच्या सगळ्या क्लासवर भारी.

'नियर'च्या मागे 'टू' लागत नाही, 'क्लोज'नंतर तलावाचं नाव घ्यायचं तर 'टू'शिवाय भागत नाही. नियर द लेक, पण क्लोज टू द लेक. 'नेक्स्ट टू' म्हणजे अगदी लागून, मध्ये दुसरं काही नाही. त्यातला 'टू' गिळला की घोटाळा. वाघीण पाणवठ्याला लागून बसली आहे अन् गाईड म्हणते 'नेक्स्ट वॉटरहोल', तर पाहुणे ड्रायव्हरला म्हणतील, चला पुढच्या पाणवठ्यावर! 'क्लोज'चा उच्चारही सरांनी घोटून घेतला. जवळ म्हणायचं तर शेवटी 'स', 'झ' आला की ते 'बंद करा' होते.

'नियरली'वर तर सगळा वर्ग हसला. आमच्या गेटवरचे एक ड्रायव्हरदादा 'टायगर नियरली, टायगर नियरली' करत गाडी थांबवतात. आपल्याकडे 'जवळजवळ बसा'ही चालते अन् 'जवळजवळ झालं'ही चालते. इंग्रजीतल्या 'नियरली'त मात्र फक्त दुसरा अर्थ. म्हणजे वाघ व्हायला थोडा कमी पडला. मग काय, बिबट?

सरांनी असंही सांगितलं की 'नियर', 'नेक्स्ट' अन् 'नेबर'चा पहिला तुकडा हे जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाचे लेकरं आहेत. तेव्हा 'नियर' म्हणजे 'जास्त जवळ' अन् 'नेक्स्ट' म्हणजे 'सगळ्यात जवळ' असं होतं. हे सांगून पाहुण्यांकडून टिप मिळत नाही, पण डोक्यात पक्कं बसते.

मला सगळ्यात कामाचं वाटलं ते एक वाक्य. एप्रिलच्या उन्हात तेलिया तलावावर वाघीण उलटी चालत, आधी मागचे पाय टाकत पाण्यात बसली. कानाची टोकं तेवढी हलत होती, माशा उडवायला. मागच्या सीटवरचे साहेब मोठ्ठा लेन्स काढून 'क्लोजर, क्लोजर' करत होते. मी शांतपणे म्हटलं, 'सर, दिस इज ॲज क्लोज ॲज वी कॅन गो.' झालं, साहेब खाली बसले. नुसतं 'नो सर, नॉट अलाउड' म्हटलं की काही पाहुण्यांना राग येते, वाद घालतात. या वाक्यात नाही म्हणणंही आलं अन् मानही राहिला. दीड हजारातले हजार या एका वाक्याचे धरा.

आता रड. दुसऱ्या भागात सरांनी वाक्प्रचारांची भली मोठी यादी उतरवून घेतली. 'अ स्टोन्स थ्रो अवे' म्हणजे दगड फेकला तर पोचेल एवढं जवळ. जंगलात पाहुण्यांसमोर दगडाचं नाव काढू का मी? 'विदिन वॉकिंग डिस्टन्स', म्हणजे चालत जाता येईल एवढं जवळ, तर कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, गाडीतून खालीच उतरू देत नाहीत, तिथं काय कामाचं? रिसॉर्टच्या काउंटरवर बसणाऱ्या पोरांना ते लागेल, ही गोष्ट खरी. 'ॲज द क्रो फ्लाइज' तेवढं मी उचललं. सरळ रेषेत जवळ दिसणारं ठिकाण रस्त्यानं किती लांब पडते, हे नकाशा धरून बसलेल्या पाहुण्याला समजावता येते.

नोट्स मात्र घेऊच नका. पन्नास रुपये वेगळे घेतात अन् 'बिसाइड' पाहिजे तिथं सगळीकडे 'बिसाइड्स' छापलं आहे. एका 'स'नं 'शेजारी'चं 'शिवाय' होते. सरांना दाखवलं तर म्हणाले, पुढच्या वेळी दुरुस्त करू. माझ्या मागच्या बॅचच्या ताईंकडेही तेच पान आहे. सर शिकवतात चांगलं, पण कागदाच्या बाबतीत आळशी. वही न्या अन् फळ्यावरचं लिहून घ्या.

जिना अरुंद आहे, पंखा एकच, लाइट गेली की खिडकीकडची जागा पकडावी लागते. बायांसाठी बरं हे की पाचच्या आत सोडतात, एसटी मिळून जाते. मंगळवार आमचा बाजाराचा, कपड्यांचा, माहेरी फोन करायचा दिवस, तो पूर्ण जाते. पावसाळ्यात कोअर बंद असताना सर रोजची बॅच घेतात. लावायचा असेल तर तेव्हाच लावा, अन् फीचा दुसरा हप्ता शेवटच्या आठवड्यातच द्या.