कूलंट भरायचं नरसाळं किट: हवा काढायला उत्तम, पण अडॅप्टर आधी तपासा

रेडिएटर रिकामा करायला फारसं कसब लागत नाही. गार इंजिनावर झाकण काढलं, खालची चावी सोडली की दहा-पंधरा मिनिटांत जेवढं यायचं तेवढं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, घमेल्यात येतं. अडचण भरताना येते. इंजिन ब्लॉकमध्ये, हीटरच्या छोट्या जाळीत, होजच्या वळणांत हवा अडकून बसते. ती तिथे असेपर्यंत डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावरही भरवसा ठेवता येत नाही, कारण तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. तो हवेच्या पोकळीत राहिला तर आत हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापत असतं आणि काटा मात्र मधोमध दिसतो. ही हवा बाहेर काढण्यासाठी स्पिल-फ्री, म्हणजे न सांडणाऱ्या, नरसाळ्याचं किट मिळतं. तेव्हा ते जोखायचं तेही हवा काढण्यावरच.

किटमध्ये एक मोठं पारदर्शक नरसाळं, एक जोडनळी, एक तिरका तुकडा, वेगवेगळ्या मापांची अडॅप्टर झाकणं आणि लांब दांडीचं बूच असतं. अडॅप्टर रेडिएटरच्या तोंडावर झाकणासारखं फिरवून बसवायचं आणि त्यावर नरसाळं उभं करायचं. त्यामुळे सगळ्या सिस्टीममधली सर्वांत उंच जागा रेडिएटरच्या तोंडापासून बरीच वर सरकते. बुडबुडा उंच जागेकडेच धावतो, आणि तो सुटला की त्याची जागा नरसाळ्यातलं कूलंट लगेच भरून काढतं. नरसाळं नसेल तर हेच साधायला गाडीचं नाक चढावर लावावं लागतं. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, बऱ्याच गाड्या सोसायटीच्या सपाट स्टिल्टमध्ये उभ्या असतात. पोडियमचा रॅम्प तासभर अडवलेला शेजाऱ्यांना चालणार नाही, आणि उतारावर इंजिन चालू ठेवून समोर वाकून काम करणं धोक्याचंही आहे. सपाट फरशीवर काम होतं, हा या किटचा सर्वांत मोठा गुण.

आता खोट. रेडिएटरच्या तोंडात दोन बैठका असतात. झाकणाची वरची कड एकीवर टेकते, आणि स्प्रिंगवाली रबरी चकती आतल्या खालच्या बैठकीवर दाबली जाते. रिझर्व्ह बाटलीकडे जाणारी बारीक नळी या दोन्हींच्या मधून निघते. स्वस्त किटमधली बरीच अडॅप्टर फक्त वरच्या कडेवर बसतात. मग नरसाळ्यातलं कूलंट खाली उतरण्याऐवजी त्या बारीक नळीतून रिझर्व्ह बाटलीत जातं, बाटली काठोकाठ भरून वाहते, आणि बघणाऱ्याला वाटतं की इंजिनच एवढं पितंय. उपाय सोपा आहे. भरताना ती नळी कापडात गुंडाळून चिमट्याने दाबून ठेवावी आणि काम झालं की चिमटा आठवणीने काढावा. तो तसाच राहिला तर गरम झालेलं कूलंट बाटलीत जाऊ शकणार नाही आणि थंड होताना परत येऊही शकणार नाही. विकत घेताना गाडीचं झाकण सोबत न्यावं आणि अडॅप्टरची रबरी चकती त्याच खोलीपर्यंत पोचते का ते शेजारी धरून बघावं. दुसरी तक्रार ओ-रिंगांची, म्हणजे सांध्यातल्या गोल रबरी कड्यांची. त्या पातळ असतात, कोरड्या बसवल्या की पिळवटतात आणि सांध्यातून थेंब सुटतो. बसवण्याआधी त्यांना कूलंटचं बोट लावलं तर नीट बसतात.

ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नाही, फक्त दाबाखालची आट्यांची एक्स्पान्शन बाटली आहे, फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या गाड्यांसारखी, त्यांना त्याच आट्यांचं अडॅप्टर किटमध्ये असेल तरच हे घ्यावं. आटे जुळत नसताना जोर लावून फिरवलं तर बाटलीचं तोंड बिघडतं.

किट कितीही चांगलं असलं तरी हिशेब चुकला तर काम वाया जातं, म्हणून थोडं आकड्यांचं. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण 4 ते 6 लिटर कूलंट असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. समजा 5 लिटर आहे. खालच्या चावीतून त्यातलं सगळं येत नाही. 3 लिटर आलं तर 2 लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये राहिलं. बाहेर किती आलं ते मापाच्या कॅनने मोजावंच. साध्या पाण्याने धुवायचं असेल तर पहिल्या भरणीनंतर जुनं 40 टक्के उरतं, दुसरीनंतर 16, तिसरीनंतर सहाच्या आसपास. गंज दिसत नसेल तर दोनदा पुरे.

चूक होते ती पुढे. धुऊन झाल्यावर आत जवळपास निव्वळ पाणी असलेले 2 लिटर शिल्लक असतात. त्यावर 50 टक्क्यांचं, म्हणजे निम्मं पाणी आधीच मिसळलेलं, रेडी-मिक्स 3 लिटर ओतलं तर सगळं मिळून प्रमाण 30 टक्क्यांवर येतं. पूर्ण 50 हवं असेल तर त्या 3 लिटरमध्ये अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी लागतं. ठाण्यात बर्फ पडत नाही, मग कशाला एवढं, असा प्रश्न रास्त आहे. पण गोठणं रोखणाऱ्या ग्लायकॉलसोबत कूलंटमधली गंजरोधक रसायनंही त्याच प्रमाणात पातळ होतात, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड व वॉटर पंप त्यांच्याच भरवशावर असतात. मॅन्युअल जे प्रमाण सांगेल ते धरावं आणि 60 टक्क्यांच्या वर जाऊ नये, कारण घट्ट मिश्रण उष्णता कमी वाहून नेतं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीएमच (क्षार काढलेलं). घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतलं टँकरचं पाणी तर नकोच. त्यातले क्षार गरम भिंतींवर थर धरतात. कूलंटचा रंग हे काही मानक नाही. हिरवं दोन कंपन्यांचं वेगळं असू शकतं. डब्यावर गाडीच्या कंपनीने सांगितलेला प्रकार आणि जेआयएस के 2234 किंवा एएसटीएम डी 3306 असं एखादं मानक छापलेलं आहे का, ते वाचावं.

चावी बंद करताना हाताचाच जोर पुरे. ती प्लास्टिकची असते, पान्याने आवळली की तुटते. मग नरसाळं एक तृतीयांश भरेल एवढं कूलंट हळूहळू ओतावं, बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तोवर वरचा होज कोमट असतो, उघडताच तापतो आणि नरसाळ्यात एकदम मोठे बुडबुडे येऊन पातळी खाली जाते. याच क्षणी नरसाळं रिकामं पडू देऊ नये, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. हातमोजा घालून वरचा होज हळूहळू दाबत राहावं. रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद झाला आणि बुडबुडे थांबले की इंजिन बंद.

इथे एक धोका किटच्या माहितीपत्रकात बहुधा नसतो. नरसाळं लावल्यावर सिस्टीमवर दाब नसतो. एरवी 0.9 किंवा 1.1 बारचं झाकण उकळबिंदू वीसेक अंशांनी वर नेतं, तो आधार इथे नाही. 50 टक्क्यांचं मिश्रण 107-108 अंशांना उकळतं म्हणून फॅन सुरू होईपर्यंत थांबता येतं. साधं पाणी मात्र 100 अंशांना उकळतं, आणि फॅन त्याच्या थोडाच आधी सुरू होतो. त्यामुळे धुण्याच्या फेरीत फॅनची वाट बघू नये. वरचा होज चांगला तापला की बंद करावं, नाहीतर नरसाळ्यातून उकळतं पाणी हातावर येतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बूच लावून नरसाळं उचलावं, ते एरवीही लटपटतं. गाडीचं झाकण लावून रिझर्व्ह बाटली लो आणि फुलच्या मध्ये भरावी. पहिल्या दिवशी गायमुखचा चढ टाळून ठाणे-बेलापूर रोडवर एक साधी फेरी मारावी आणि दुसऱ्या सकाळी, गार इंजिनावर, पातळी पुन्हा बघावी. थोडी उतरते, तेवढी भरावी. सलग तीन-चार दिवस उतरतच राहिली तर हवा नाही, गळती आहे.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांसाठी मात्र हे किट घेऊ नये. त्यांचं कूलंट आणि हवा काढायची पद्धत वेगळी असू शकते, ते काम सर्व्हिस सेंटरचं. काढलेलं कूलंट पावसाच्या गटारात ओतू नये, ते पाणी खाडीकडे जातं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, पार्किंगमधलं मांजर सांडलेलं चाटू शकतं. घमेलं लगेच झाकावं, फरशी धुण्याआधी बारदानाने टिपून घ्यावी आणि जुनं कूलंट बंद कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल-कूलंट साठवून ठेवणाऱ्या गॅरेजला विचारून द्यावं.