वेंगुर्ल्याची कांदळवन सफर : तिकीट खाडीचे, हिशोब भातखाचरापासून दर्यापर्यंतचा

वेंगुर्ला बंदराजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया 2017 पासून कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, सफर चालवतात. मच्छीमार कुटुंबांतील या स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात, वाटेतली झाडे आणि पक्षी ओळखून दाखवतात आणि खाडीत आपल्या घरांची उपजीविका कशी गुंतलेली आहे ते सांगतात. कोकणात जलपर्यटन म्हटले की डोळ्यांपुढे बनाना राइड, पॅरासेलिंग आणि किनाऱ्यावर कर्णा लावून ओरडणारा माणूस येतो. त्या अपेक्षेने येणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. येथे वेग नाही, थरारही नाही. जे आहे ते पाहायला थोडा धीर लागतो आणि माझ्या मते तो धीर सत्कारणी लागतो.

या सफरीची सर्वांत जमेची बाजू म्हणजे होडी वल्ह्यांची आहे. यंत्र नसल्यामुळे बगळे आणि खंड्या होडी बरीच जवळ येईपर्यंत जागचे हलत नाहीत, पाण्यावर तेलाचा तवंग राहत नाही, आणि बोलणाऱ्या बाईंना आवाज चढवावा लागत नाही. यंत्राच्या होडीतून कांदळवन पाहिलेल्यांना यातला फरक लगेच कळेल. तेथे दोन्ही तीरांना हिरवी भिंत सरकताना दिसते, एवढेच. येथे होडी कडेला घेता येते आणि एकाच झाडापाशी हवे तितके थांबता येते. कांदळाची आधारमुळे कमानीसारखी चिखलात उतरलेली असतात, तर तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीएवढी होऊन चिखलातून वर डोकावतात, कारण त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पानावरून बोट फिरवून ते जिभेला लावले की हा धडा कायमचा लक्षात राहतो. चिपीची मुळे बुंध्याभोवती जाड शंकूंप्रमाणे उभी असतात, फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांच्यावर येतात. यातील पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला, ही गोष्ट महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, हे मी पुस्तकात वाचले होते. तरीही फांदीला लोंबणारे लांबट हिरवे अंकुर प्रत्यक्ष पाहिल्यावरच त्यामागचे गणित उमगते. ओहोटीला अंकुर गळाला तर खाली चिखलात रुतून बसतो आणि भरतीला गळाला तर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरी जागा धरतो. म्हणून या सफरीला जाताना भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घेणे हे सोय-गैरसोयीपुरते नाही. भरतीला होडी झाडांच्या अगदी आत शिरते, परंतु मुळे पाण्याखाली जातात. पाणी ओसरू लागले की मुळे, खेकड्यांची बिळे आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे हे मासे दिसू लागतात. दोन्हीपैकी एकच निवडायचे तर मी उतरते पाणी निवडेन.

माहिती देण्याच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण अशा सेवेचा खरा कस तेथेच लागतो. निसर्गपर्यटनातील मार्गदर्शक पुष्कळदा पाठ केलेले बोलतात. जातींची नावे, त्यांची शास्त्रीय रूपे आणि मग पर्यावरणावर एक छोटेसे भाषण, असा तो क्रम असतो. येथील सांगणे अनुभवातून आलेले आहे. कोळंबीची पिल्ले कुठल्या आडोशाला वाढतात, चिंबोरी कधी भरलेली असते, कोणत्या वाऱ्याला खाडीच्या मुखापाशी पाणी कसे वागते, हे या घरांतील बायकांना होडीत पर्यटक बसायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. सफरीने त्या जाणतेपणाला मोल मिळवून दिले. शास्त्रीय नावांची मात्र ज्यांना ओढ आहे, त्यांनी आपली पुस्तिका बरोबर न्यावी.

आता ही सफर उभी कशी राहिली, याकडे वळतो, कारण तो इतिहास बाजूला ठेवून केलेले मूल्यमापन अर्धवट राहील. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातील गाभा 3.18 चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला आणि संरक्षण म्हणजे आपल्याला दर्यावरून हटवण्याचा डाव, अशी भावना या किनाऱ्यावर खोल रुजली. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा जो प्रकल्प झाला, त्याने उलट बाजूने सुरुवात केली. शेती, मासेमारी आणि पर्यटन या तिन्ही धंद्यांतच थोडा बदल करायचा आणि त्या बदलातून माणसाला चार पैसे सुटतील असे पाहायचे, अशी त्याची रीत होती. कांदळवन सफर हे त्या प्रकल्पाचे एक फळ आहे, आणि पर्यटकाला दिसते ते प्रामुख्याने हेच.

न दिसणारी दोन कामे माझ्या लेखी तितकीच मोलाची आहेत. पहिले भातशेतीचे. श्री (एसआरआय) या भातलावणीच्या पद्धतीत आठ ते बारा दिवसांची कोवळी रोपे एकेक करून, साधारण 25 सेंटिमीटर अंतरावर लावतात आणि खाचरात पाणी सतत तुंबवून न ठेवता आळीपाळीने देतात. बियाणे थोडे लागते आणि खतांचा मारा कमी करता येतो. मासेमारीच्या प्रकल्पात भात कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर कोकणाच्या उतारात आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून किनाऱ्यापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे की खाचरातून सुटलेले खत आणि माती पावसाळ्यात पाहता पाहता खाडीत उतरते, आणि ज्या गाळात कोळंबीची पिल्ले वाढतात त्याच गाळात जाऊन बसते. (रायगडातील नेरळ येथे विकसित झालेले सगुणा भात तंत्र चिखलणीच टाळते आणि त्यामुळे मातीची धूप रोखते. खाडीच्या दृष्टीने त्या तंत्राचा विचार आपल्याकडे अधिक व्हायला हवा, असे मला वाटते.)

दुसरे काम जाळ्याचे. ट्रॉलरच्या जाळ्याचा मागचा पिशवीसारखा भाग शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसाचा (जाळ्याच्या छिद्राचा) असेल तर ओढ बसताच आस मिटतात आणि बोटाएवढी पिल्लेही आत अडकून मरतात. त्याऐवजी 40 मिलिमीटरचा चौकोनी आस ठेवला की ओढ बसली तरी तो उघडा राहतो आणि लहान मासळी निसटते. सिंधुदुर्गात या प्रकल्पातून अशा जाळ्यांचा प्रसार झाला. कांदळवनात वाढलेले पिल्लू खाडीच्या मुखातून बाहेर पडताच बारीक आसाच्या जाळ्यात जाणार असेल, तर कांदळवन राखण्याचे निम्मे श्रम वाया जातात. खाचर, खाडी आणि दर्या हा एकच हिशोब आहे, आणि मांडवी खाडीची सफर त्याच्या बरोबर मध्यावर उभी आहे.

माझा मुख्य आक्षेपही येथेच आहे. तो या बचत गटावर नाही, आपण पर्यटक पैसे कशासाठी मोजतो यावर आहे. होडीत बसण्याचे तिकीट असते. खत कमी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचराचे तिकीट निघत नाही, आणि जाळ्याचा आस मोठा ठेवून आज थोडी कमी मासळी घरी नेणाऱ्या तांडेलाला कोणी पर्यटक पैसे देत नाही. साखळीच्या मधल्या कडीला उत्पन्न मिळू लागले, दोन्ही टोके मात्र अजून अनुदानावर आणि भल्या मनावर टिकून आहेत. शासनाने काही पावले उचलली आहेत, हेही नोंदवायला हवे. कासव, देवमुशी (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि त्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर 2018 मध्ये आली. कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडापालन किंवा कालवपालन करणाऱ्या गटांना प्रकल्प खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य मिळते. परंतु अनुदान संपल्यावर काय, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमापुढे कधी ना कधी उभा राहतोच. मांडवी खाडीतील सफर मूळ प्रकल्प आवरल्यानंतरही स्वतःच्या उत्पन्नावर चालू राहिली, याला मी तिची सर्वांत मोठी पावती मानतो.

तुलनेसाठी मंडणगड तालुक्यातील वेळास घेऊ. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तेथे कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. गावकऱ्यांनी घरे पर्यटकांसाठी उघडली. वेळासचे आकर्षण जबरदस्त आहे. अंगठ्याएवढे पिल्लू समुद्राकडे धावताना पाहून भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. पण तो प्रसंग काही मिनिटांचा असतो, ठरावीक महिन्यांतच घडतो, आणि घरट्यातून त्या दिवशी पिल्ले बाहेर येतील याची हमी कोणी देऊ शकत नाही, देऊही नये. परिणामी सारी गर्दी थोड्या शनिवार-रविवारी लोटते. मांडवी खाडीत तसे डोळ्यांत पाणी आणणारे काही घडत नाही. चिपी आणि तिवर मात्र रोज आपापल्या जागी असतात. गावाला वर्षातले अनेक महिने थोडे थोडे उत्पन्न मिळावे, या दृष्टीने मला वेंगुर्ल्याची घडी अधिक टिकाऊ वाटते. भावनेच्या दृष्टीने वेळास कितीतरी पुढे आहे, हे मान्यच आहे.

जेवणाविषयी एक तक्रार नोंदवतो. तालुक्यातील, पण सफरीशी संबंध नसलेल्या एका खाणावळीत पापलेटच्या थाळीत तळहातात मावेल एवढे पिल्लू वाढले गेले, आणि विचारणा केल्यावर हे गोड लागते, असे कौतुकाने सांगण्यात आले. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्य मासा झाला आणि त्यासाठीची मर्यादा 135 मिलिमीटर आहे. नियम मच्छीमारावर आहे हे खरे, पण गिऱ्हाईकाने ताट परत पाठवले की तो बाजारात सगळ्यांत लवकर पोहोचतो. सकाळी होडीतून कोळंबीच्या पिल्लांचे कौतुक करायचे आणि दुपारी पापलेटच्या पिल्लावर ताव मारायचा, हे आपल्याला खटकत कसे नाही, याचे मला नवल वाटते. खाडीकाठी जेवायचेच तर मुळे नावाचे शिंपले, कालवे किंवा चांगली वाढलेली चिंबोरी मागावी. अंडी धरलेली मादी असेल तर नको म्हणावे.

वेंगुर्ल्यात असताना नगर परिषदेचा घनकचरा प्रकल्प आवर्जून पाहावा. हा सल्ला वाचून हसणारे हसोत. एके काळची कचराभूमी आज अशी आहे की तेथे सहली येतात. कचरा दारातच वेगळा करून घेतात, ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करतात, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरतात. शहरातील प्लास्टिक असे वरच अडले नाही तर ते कांदळाच्या आधारमुळांत येऊन अडकते, हे कोणत्याही मोठ्या शहराच्या खाडीत पाहता येईल. सफरीच्या आधी हा प्रकल्प पाहिला तर खाडीचे पाणी वेगळ्या नजरेने दिसते. याच तालुक्यात रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीही आहेत, आणि बचत गटाने कितीही निष्ठेने वल्ही मारली तरी डोंगर खणायचा की नाही हे ठरवणे त्यांच्या हाती नाही.

जाण्याआधी काही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी येथे उतरून पुढे रस्त्याने वेंगुर्ला गाठता येते. होड्या मर्यादित आहेत, तेव्हा आधी फोन करूनच निघावे आणि त्याच वेळी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची विचारणा करावी. दर काळानुसार बदलतात म्हणून येथे देत नाही. मात्र घासाघीस करू नये, ही विनंती. पावसाळ्यात बेत आखू नये. टोपी, पाणी आणि दुर्बीण सोबत असावी, गाण्यांचा डबा नसावा. लहान मुलांना ही सफर आवडते, फक्त त्यांना आधी सांगून ठेवावे की मगर दिसणार नाही आणि होडी उड्या मारणार नाही. मोठा गट असेल तर एकाच होडीत दाटीवाटी करण्याचा आग्रह धरू नये, तुकड्या करून जावे. मागे राहिलेल्यांनी तेवढ्या वेळात बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव पाहावा. सकाळी उतरत्या पाण्याची वेळ साधून केलेल्या सफरीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. उरलेला अर्धा गुण मी या तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्यासाठी राखून ठेवला आहे, ज्याच्या श्री पद्धतीच्या खाचरावर घेऊन जाणारी फेरी याच सफरीला कोणीतरी जोडावी, अशी माझी इच्छा आहे.