अनुभवी पॉइंट गार्ड संघात ठेवावा की तरुणाच्या हाती चेंडू द्यावा?

हंगाम तोंडावर आला की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या खुल्या गटातील बहुतेक बास्केटबॉल संघांची यादी एकाच नावाशी येऊन अडते. ते नाव असते पस्तिशी गाठलेल्या पॉइंट गार्डचे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली ठरवणाऱ्या खेळाडूचे. स्कोअरशीटवर बारा जणांनाच जागा असल्यामुळे त्याला ठेवले की कॉलेजातला एखादा मेहनती मुलगा बाहेर राहतो, आणि त्याला वगळले की अटीतटीच्या सामन्यात चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न उभा राहतो. भुसावळच्या ज्या संघाला मी शिकवतो तेथे हा निर्णय आम्हालाही घ्यावा लागला आणि दोन्ही व्यवस्था मी मैदानाच्या कडेला उभा राहून पाहिल्या. तुमच्या संघाची घडण निराळी असेल, तर तुमचे उत्तरही निराळे येऊ शकेल.

तरुण गार्डच्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. प्रतिस्पर्ध्याचा गार्ड चेंडू घेऊन निघाला की तो त्याला त्याच्याच बास्केटखालपासून सतावतो, आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडणे त्याला जड करतो, आणि चेंडू हिसकला गेला तर फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे झटपट प्रतिहल्ल्यात, सर्वांच्या पुढे असतो. ज्येष्ठ खेळाडूकडून हे होत नाही. उंच खेळाडूने वाट अडवून लावलेल्या स्क्रीनमध्ये तो अडकतो, अर्धे पाऊल मागे पडतो, आणि ते अर्धे पाऊल भरून काढण्यासाठी हात पुढे करून फाउल घेतो. तिसऱ्या क्वार्टरमध्येच त्याच्या नावावर चार फाउल लागले, तर पाचवा होऊन तो बाद होऊ नये म्हणून त्याला बेंचवर बसवण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा विसरून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सिमेंटचे कोर्ट सूर्य मावळल्यानंतरही तासन्‌तास धगधगत असते, स्पर्धांमध्ये संध्याकाळचा सामना संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरावे लागते, आणि अशा सकाळी गुडघ्यांना पट्ट्या बांधत बसलेला खेळाडू पाहिला की प्रशिक्षकाचे मन द्विधा होते.

सरावाच्या हजेरीतही तरुणच सरस ठरतो. रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी किंवा दीपनगरचे वीज केंद्र अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या माणसाची ड्युटी पाळ्यांमध्ये असते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सहा वाजता पळायला लावणे योग्यही नाही आणि उपयोगाचेही नाही.

मात्र ती नोकरीच त्याला गावात टिकवून ठेवते. आपल्याकडचा चांगला मुलगा बारावी झाली की इंजिनिअरिंगसाठी पुण्याला किंवा नाशिकला जातो, किंवा पदवी झाली की नोकरीसाठी जातो, आणि त्याने जावेच. कोणत्याही संघाने त्याला अडवू नये. परंतु ज्या जागेला घडवण्यासाठी सर्वांत अधिक काळ लागतो, ती पूर्णपणे दोन वर्षांत गाव सोडणाऱ्या मुलाच्या हवाली केली, तर संघ दर दोन वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पुण्या-मुंबईतील संघांना ही अडचण कदाचित इतकी जाणवत नसेल, कारण तिकडे मुले येतात. आपल्याकडून ती जातात.

शूटिंग आणि पास यांच्या तुलनेत मी फार वेळ घालवणार नाही. ज्येष्ठाची तीन गुणांची नेमबाजी वयाने फारशी बिघडत नाही, तरुणाचा पास सरावाने सुधारतो, आणि एवढ्यावर निर्णय घ्यावा असा फरक मला तरी दिसला नाही.

माझ्यापुरता निर्णय ज्या गोष्टीने झाला ती वरवर पाहता किरकोळ आहे: तरुण गार्ड चेंडू हातात असताना मान वळवून बेंचकडे पाहतो. सामना हातात असताना पाहत नाही, पण गुणांचे अंतर कमी झाले, समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर अंगावर येत दबाव, म्हणजे प्रेस, लावला की हमखास पाहतो. ज्या क्षणी त्याची मान वळते, त्या क्षणी बाकीचे चौघे जागच्या जागी थांबतात, कारण त्यांना त्याचा चेहराच दिसत नाही. समोरचे दोघे त्याच क्षणाची वाट पाहत असतात. ते त्याला साइडलाइनशी कोंडतात आणि चेंडू एकतर बाहेर जातो किंवा त्यांच्या हातात जातो. यातून सुटून मध्यरेषा ओलांडली तरी चाल सुरू होईपर्यंत बास्केटवर चेंडू मारण्यासाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी अर्धे संपलेले असतात. मी कडेवरून ओरडून सांगतो तेव्हा ते आमच्या मुलांना ऐकू जाण्याआधी प्रतिस्पर्ध्यांच्या बेंचला ऐकू जाते. आमच्या काही चालींची नावे आम्ही अहिराणीत ठेवली आहेत, त्यामुळे विदर्भाच्या संघांपुढे थोडा आडोसा मिळतो. धुळ्याच्या संघापुढे तोही मिळत नाही.

हा मुद्दा मी इतका लावून धरतो, यामागे नियमांचे कारण आहे. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो, आणि त्या नियमांत मैदानावरील खेळाडूला टाइमआउट मागता येत नाही. तो मुख्य प्रशिक्षकाने किंवा त्याच्या पहिल्या सहायकाने टेबलाकडे मागायचा असतो, आणि चेंडू खेळात असताना तो मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यानंतर आपल्याला संधी असते खरी, पण आपल्या खेळाडूने थ्रो-इनसाठी, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्यासाठी, तो हातात घेतला की ती निघून जाते. दुसऱ्या अर्धात एकूण तीनच टाइमआउट, आणि त्यांतले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. म्हणजे प्रेसमध्ये सापडलेल्या मुलाला बेंचकडून जी मदत हवी असते, ती त्या घडीला देण्याची सोयच खेळात ठेवलेली नाही. ज्याने निर्णय घ्यायचा तो मैदानावरच असावा लागतो.

आमचा ज्येष्ठ गार्ड, ज्याला सगळी मुले ‘भाऊ’ म्हणतात, बेंचकडे पाहत नाही. थ्रो-इन होण्याआधीच तो सेंटरला, म्हणजे संघातल्या उंच खेळाडूला, मध्यरेषेजवळ उभा करतो, दोघे अंगावर येताहेत असे दिसताच ते पोहोचण्यापूर्वी चेंडू त्याच्याकडे सोडतो, आणि मोकळ्या जागेत धावत जाऊन परत घेतो. पायांचा वेग त्याला यासाठी लागत नाही. समोरच्या संघाचे क्वार्टरमधील चार फाउल भरले, की पुढच्या प्रत्येक फाउलवर दोन फ्री थ्रो मिळतात, हे प्रत्येक खेळाडू जाणतो. पण सामन्याच्या धामधुमीत ते लक्षात ठेवून, ‘त्यांचे चार झालेत, आता बाहेरून मारू नको, आत घूस,’ असे शेजारच्याला सांगणारा मी भाऊंखेरीज पाहिलेला नाही. तरुण गार्डची सवय मोडावी म्हणून मी सरावात पूर्ण गप्प राहून पाहिले, पाठ करून उभा राहिलो. सरावात फरक पडला. चौथ्या क्वार्टरमध्ये मान पुन्हा वळली. ती वयाबरोबर जाईल याची मला खात्री वाटते, पण ती जाईपर्यंत मुलगा गावात असेल याची वाटत नाही.

या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिलेला एक व्यावसायिक संघ आहे, तो म्हणजे अमेरिकेतील एनबीए या लीगमधला डॅलस मॅव्हरिक्स. २००४ मध्ये तीस वर्षांच्या पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅशला फिनिक्सच्या संघाने दिलेला करार डॅलसने दिला नाही आणि त्याला जाऊ दिले. आदल्या हंगामात २९ सामने जिंकणाऱ्या फिनिक्सने त्याच्यासह ६२ जिंकले, आणि २००५ व २००६ असा सलग दोनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्थात न्याय दोन्ही बाजूंना द्यायला हवा: नॅशविना डॅलस २००६ च्या अंतिम फेरीत पोहोचला, मायामीविरुद्ध २-० ने पुढेही होता, आणि मग सलग चार सामने हरला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच संघाने चोवीस वर्षांचा, चपळ डेव्हिन हॅरिस देऊन पस्तिशीला टेकलेला जेसन किड आणला. हॅरिस पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला, त्यामुळे सौदा महाग पडला असे म्हणणाऱ्यांना पुरेसे कारण होते. २०११ मध्ये अडतीस वर्षांचा किड सुरुवातीच्या पाचात असताना डॅलसने विजेतेपद मिळवले. त्या अंतिम मालिकेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील असा की डॅलस १-२ ने मागे असताना प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी चौथ्या सामन्यापासून बुटका, वेगवान जे. जे. बरेआ याला किडच्या जोडीने सुरुवातीलाच उतरवले, आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. धावण्याचे काम एकाकडे, विचाराचे दुसऱ्याकडे. आणि एनबीएत तर मैदानावरचा खेळाडू स्वतः टाइमआउट मागू शकतो. ती सवलत असलेल्या खेळातही ज्येष्ठाची इतकी गरज भासली असेल, तर आपल्या नियमांत ती अधिकच भासावी.

म्हणून माझा कल, शक्य तितक्या नम्रतेने सांगायचे तर, त्याला ठेवण्याकडे आहे, पण पूर्वीच्याच भूमिकेत नव्हे. चाळीस मिनिटांपैकी त्याला अठरा-वीस मिनिटांहून अधिक देऊ नये: दुसऱ्या क्वार्टरचा शेवट आणि चौथ्याचा बहुतेक भाग. सुरुवात तरुणाने करावी, प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान गार्डला तरुणानेच अडवावे, आणि शेवटी दोघे एकत्र खेळत असताना चेंडू भाऊंच्या हाती असावा. हे सारे नावनोंदणीच्या आधी त्याच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायला हवे, कारण इतकी वर्षे पहिल्या पाचात खेळलेल्या माणसाला सामन्याच्या दिवशी बेंचवर बसल्यावर ते कळणे हा त्याचा अपमान आहे. त्याने मान्य केले नाही, किंवा पाळ्यांमुळे आठवड्यातून एकदाही सरावाला येणे त्याला शक्य नसेल, तर मात्र ती बारावी जागा मुलाला द्यावी. आणि तुमचा सगळाच संघ विशीच्या आतला असून तुम्ही तीन वर्षांनंतरचा विचार करत असाल, मुलेही तोवर गावात राहणारी असतील, तर तरुण गार्डलाच सगळे सामने खेळू द्यावेत. फक्त त्या स्थितीतही ज्येष्ठाला सरावाच्या सामन्यांत त्याच्या विरुद्ध संघात खेळायला बोलवावे, म्हणजे प्रेस कसा फोडायचा हे त्या मुलाला रोज समोरासमोर पाहता येईल.