२४-७० एफ/२.८ झूम, काही महिने वापरल्यावर: उजेड आणि फ्लेअरपुरतं

शार्पनेस आणि फोकसच्या वेगावर सगळेच लिहितात, ते सोडून देतो. (वजनाबद्दल मनगटाला विचारा.) ही लेन्स उजेडाचं काय करते, एवढंच सांगतो.

एफ/२.८ हा नुसता भूमितीचा हिशेब आहे: फोकल लेंग्थ भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. काचांमधून पार होऊन सेन्सरवर किती उजेड पडला, हे सांगतो टी-स्टॉप. शॉट जुळवताना लेन्स बदलली तरी उजेड बदलायला नको, म्हणून सिनेमाच्या लेन्सवर तोच आकडा छापतात. फोटोच्या लेन्सवर तो नसतो. मग मी पांढऱ्या भिंतीसमोर हा झूम आणि माझी ५० मिमी प्राइम (झूम न होणारी लेन्स) आळीपाळीने लावली. दोन्हीला एफ/४, तेच शटर, तोच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). झूमचा हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) डावीकडे, म्हणजे अंधाराकडे, सरकला; बरोबरी व्हायला आयएसओ तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवावा लागला. रोजच्या कामात याने काही अडत नाही, ऑटो एक्स्पोजर ते परस्पर निस्तरतं. फक्त व्हिडिओत दोन लेन्स पाठोपाठ वापरायच्या असतील तर ध्यानात ठेवा.

फ्लेअर, म्हणजे काचांवरून उलटून चित्रावर पडणारा नको तो उजेड, मात्र असा निस्तरत नाही. या लेन्समध्ये १३ ग्रुपमध्ये १७ एलिमेंट आहेत (एलिमेंट म्हणजे एकेक काच, ग्रुप म्हणजे सुटी काच किंवा एकमेकींना चिकटवलेल्या काचा), म्हणजे हवेला लागणारे २६ पृष्ठभाग. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेली साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के उजेड परत फेकते. त्या हिशेबाने २६ पृष्ठभागांनंतर जेमतेम ३५ टक्के उरला असता. १९३५ मध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी कोटिंगचं पेटंट घेतलं नसतं तर असले झूम निघालेच नसते. आजचं मल्टिकोटिंग हे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आणतं. तरी घोस्ट (दिव्याचा किंवा सूर्याचा खोटा ठिपका) उमटायला दोन परावर्तनं पुरतात, आणि २६ पृष्ठभागांच्या जोड्या होतात ३२५. कुठली तरी जोडी सापडतेच.

सूर्य सरळ फ्रेममध्ये घेतला तर ही लेन्स झकास वागते: दोन-तीन लहान हिरवट ठिपके, काळा रंग काळाच. त्रास होतो तो सूर्य फ्रेमच्या जरासा बाहेर असताना. ठिपका दिसत नाही, पण सगळ्या चित्रावर राखाडी साय धरते, सावल्या पांढुरक्या पडतात. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत बघत डावा हात लेन्सच्या वर, फ्रेममध्ये येणार नाही असा धरा. तळव्याची सावली पुढच्या काचेवर पडली की ती साय झटक्यात उतरते. सोबतच्या हूडने (लेन्सच्या तोंडाला लावायचं सावलीचं कडं) हे काम करावं, पण तो २४ मिमीच्या रुंद कोनाच्या बेताने कापलेला आहे. ७० ला तो आखूडच पडतो, तिथे हातच बरा.

यूव्ही फिल्टर (लेन्सच्या पुढे लावायची संरक्षक काच) मी आता रात्री काढूनच ठेवतो. रस्त्याच्या दिव्याचा उजेड चकचकीत सेन्सरवरून उलटतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून परत आत येतो आणि फ्रेमच्या मध्याच्या पलीकडे, दिव्याच्या बरोबर समोरच्या जागी, हिरवट भूत बसवतो. दिवा वर डावीकडे, तर भूत खाली उजवीकडे. फिल्टर काढला की ते गायब. फिल्टर चांगल्या कोटिंगचा असेल तर ते फिकं होतं, पण पुरतं जात नाही.

पुढच्या काचेवरचं बोटाचा तेलकट ठसा धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी वाईट. धूळ बहुतेक वेळा चित्रात कळतही नाही. तेल मात्र प्रत्येक दिव्याभोवती धूसर वलय पसरवतं.

वापरलेली लेन्स घेणार असाल तर पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरकं धरून बघा. एकामागे एक जांभळ्या, हिरव्या, निळसर पट्ट्या दिसायला हव्यात. त्यांत एखादी लख्ख पांढरी असली तर त्या पृष्ठभागावरचं कोटिंग उडालं असण्याचा संभव आहे. मग दिव्यासमोर दोन फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

रंगमंचावरचे स्पॉटलाइट, खिडकीसमोर बसलेला माणूस, असं काम जास्त असेल तर मी अजूनही प्राइमच लावतो. बाकी सगळ्याला हा झूम पुरतो.