ल्युपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०: दोन सीझन वापरून झाल्यावर

आधी माझा गाढवपणा सांगतो मग स्कोपबद्दल (स्कोप म्हणजे रायफलवर बसवायची नेम धरायची दुर्बीण). मिशिगनमध्ये राहतो, इथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाच्या शिकारीचा फायरआर्म सीझन उघडतो आणि त्या दिवशी ऑफिसात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार म्हणजे थेट जेल, त्यामुळे लायसन्सचा फोटो पाठवल्यावर आईचा पहिला मेसेज, "फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस हां".) पहिल्या वर्षी .३०८ ची रायफल घेतली ९०० डॉलरची, अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक म्हणजे दस्ता, बघत राहावी अशी, आणि मग बजेट संपलं म्हणून वर ७० डॉलरचा कुठलातरी स्कोप. म्हटलं काच ती काच.

रेंजवर झीरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणायला गेलो, तर स्कोपच्या बटणाचे चार क्लिक वर दिले, काहीच नाही, अजून चार दिले, तरी नाही, आणि दोन गोळ्यांनंतर एकदम तीन इंच उडी! १/४ एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डावर साधारण एक इंच) स्कोपला १०० यार्डावर चार क्लिक म्हणजे साधारण एक इंच सरकायला हवं. एक अख्खा बॉक्स संपला, .३०८ च्या गोळ्या काय फुकट येत नाहीत राव. आणि मी मात्र रायफललाच शिव्या देत होतो.

मग हा ल्युपोल्ड घेतला, ३०० च्या आसपास. क्लिक दिला की सरकतो, आणि पुढच्या सीझनला काढून बघितलं तर झीरो जागच्या जागी. पण खरा फरक कळतो संध्याकाळी. इथे सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी झाडायची परवानगी असते आणि हरीण नेमकं तेव्हाच बाहेर पडतं, जुन्या स्कोपमधून तेव्हा नुसता करडा चिखल दिसायचा, ह्यातून शिंग आहे की फांदी ते कळतं. एक ट्रिक, अंधारात झूम कमी करा. पुढची काच ४० मिमीची, झूम ९ पटीवर ठेवला तर डोळ्याशी जेमतेम ४.४ मिमी रुंद प्रकाशाचा झोत पोचतो, ६ वर ठेवला की ६.७. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी आपला ९ वर लावून डोळे फोडत बसायचो.

तक्रार एकच, झूमची रिंग ग्लोव्हज घालून फिरवायला जड जाते.

"रायफलइतकेच पैसे स्कोपवर घाला" असं सांगणारे भेटतात, ते मला पटत नाही. आमच्या जंगलात १५० यार्डापलीकडे दिसतच नाही, तिथे १००० ची काच काय करायचीय? मोकळ्या माळावर ४०० यार्ड मारणाऱ्याची गोष्ट वेगळी. आज परत घ्यायची झाली तर रायफल ५०० ची घेईन, आजकालच्या स्वस्त बोल्ट अॅक्शन (प्रत्येक गोळीला हाताने खटका ओढायच्या) रायफलीसुद्धा माझ्यापेक्षा सरळ मारतात, स्कोप हाच, आणि उरलेले चांगल्या रिंग्ज (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या), स्क्रू ठरावीक जोरानेच आवळणारा इंच-पौंडवाला टॉर्क रेंच आणि प्रॅक्टिसच्या गोळ्यांवर. रिंग्ज स्वस्तातल्या घेतल्या तर कुठलाही स्कोप हलणार, तिथे कंजुषी नको.

अक्रोडाचा स्टॉक विकणार नाही पण, दिसतो भारी.