वटवाघूळ पळवणारे अल्ट्रासॉनिक यंत्र: वापरून आणि उघडून पाहिल्यावर

घरात वटवाघूळ शिरू नये, आणि शिरलेच तर आपोआप निघून जावे, असा दावा करणारी सॉकेटमध्ये खोचायची अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा उंच पट्टीचा आवाज काढणारी, यंत्रे अनेक नावांनी विकली जातात. नावे वेगळी असली तरी वस्तू जवळपास एकच असते: तळहातावर मावणारी पांढऱ्या प्लास्टिकची डबी, पुढे बारीक जाळी आणि जाळीमागे निळा दिवा. मी घेतलेल्या यंत्राच्या खोक्यावर उंदीर, झुरळ, डास, कोळी, पाल आणि वटवाघूळ यांची चित्रे एका ओळीत छापलेली होती आणि प्रत्येकावर लाल फुली होती. ज्यांच्यातल्या बहुतेकांची श्रवणेंद्रिये एकमेकांशी जुळत नाहीत अशा सहा जीवांना एकच आवाज सारखाच असह्य होतो, हे वाचतानाच शंका यायला हवी. खोलीत घिरट्या घालणाऱ्या वटवाघळासाठी हे यंत्र निरुपयोगी आहे, आणि पोटमाळ्यात वस्तीला आलेल्या वटवाघळांसाठीही त्याच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

याचे कारण यंत्राच्या दर्जात कमी आणि ध्वनीच्या स्वभावात अधिक आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कीटकभक्षी वटवाघळे बहुतांशी त्याच्या वरच्या पट्टीत ओरडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट व भक्ष्य शोधतात. डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या सुमारास प्रयोगांनी हे सिद्ध केल्यापासून त्याविषयी वाद उरलेला नाही. जाहिरातीतला युक्तिवाद असा की त्याच पट्टीतला कृत्रिम आवाज त्यांना सोसत नाही. परंतु उडत्या वटवाघळाचा स्वतःचा आवाज त्याच्या तोंडाजवळ १०० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो, आणि ती शेकड्यांनी एकत्र राहतात, म्हणजे हा गलका त्यांच्या नित्य परिचयाचा असतो. डबी उघडल्यावर आत एका लहान नाण्याएवढी पिझो चकती (वीज मिळताच थरथरून आवाज काढणारी), चार-दोन सुटे भाग आणि दिवा एवढेच सापडले. दिव्याची जोडणी चकतीपासून स्वतंत्र होती, त्यामुळे चकती बंद पडली तरी दिवा मात्र दिमाखात चालूच राहील. शिवाय उच्च वारंवारतेचा आवाज हवेत फार लवकर विरतो, पडदे, गाद्या आणि कपाटे तो अडवतात आणि भिंतीपलीकडे तो जवळपास पोहोचतच नाही, तरीही खोक्यावर 'संपूर्ण घरासाठी एक पुरेसे' असे छापलेले असते. मोठ्या फलाहारी वटवाघळांबद्दल तर बोलायलाच नको. ती मुख्यतः डोळ्यांच्या आणि नाकाच्या आधारे वावरतात.

अल्ट्रासॉनिक ध्वनीचा वटवाघळांवर कधीच परिणाम होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पवनचक्क्यांवर बसवलेल्या, कितीतरी अधिक ताकदीच्या यंत्रांमुळे काही जातींचे मृत्यू घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे, तर काही जातींवर परिणाम दिसलेला नाही. सॉकेटमधल्या डबीने त्या यंत्रांच्या पुण्याईवर जगावे, हे योग्य नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २००१ साली अल्ट्रासॉनिक कीटक-निवारक यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना, परिणामकारकतेच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागतो, अशी ताकीद देणारी पत्रे पाठवली होती. खोक्यांवरची भाषा त्यानंतरही फारशी नरमलेली दिसत नाही.

प्रत्यक्ष प्रसंगी काय घडले तेही सांगतो. माझ्या खोलीत शिरलेले एक वटवाघूळ पडद्याच्या चुणीत उलटे लटकलेले असताना हातभर अंतरावरच्या सॉकेटमध्ये मी यंत्र सुरू केले. त्याने कान दोन-तीनदा फिरवले, अंगठ्याच्या नखाने पडद्यावरची पकड सारखी केली आणि मग तोंडाने पंखाची पातळ त्वचा चाटून साफ करायला घेतली. पुढे ते उडाले तेव्हा यंत्राच्या अगदी वरून वारंवार गेले. एका वटवाघळावरून नियम काढू नये हे खरे, पण माहितीपत्रकच म्हणते की परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आणि खोलीतल्या वटवाघळाचा प्रश्न अर्ध्या तासाचा असतो. पोटमाळ्यातली वटवाघळे ऋतू बदलला, पिल्ले उडू लागली की अनेकदा आपणहून जागा बदलतात, त्याचे श्रेय चार आठवड्यांनी यंत्राला फुकट मिळते. त्यातच परत करण्याची मुदत बहुतेक वेळा त्याआधीच संपलेली असते, म्हणून विकत घेण्यापूर्वी या दोन्ही मुदती ताडून पाहाव्यात. माहितीपत्रकातली सर्वांत वाईट सूचना मात्र वेगळीच आहे: यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद ठेवा.

करायचे असते ते याच्या नेमके उलट. आधी छताचा पंखा बंद करावा, कारण खोलीत शिरलेल्या वटवाघळाला सर्वांत मोठा धोका त्याच्या पात्यांचाच असतो. मुलांना आणि मांजर-कुत्र्यांना बाहेर काढून घराच्या आतल्या बाजूचे दार लावावे, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबावा, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या जाळ्यांसकट सताड उघडाव्यात, आतला दिवा मंद ठेवून बाहेरचा विझवावा आणि भिंतीला टेकून शांत उभे राहावे. वटवाघूळ भिंतीजवळ वर चढते आणि खोलीच्या मधोमध खाली झुकते. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला ते अंगावर धावून आल्यासारखे वाटते ते यामुळे. बहुतेक वेळा ते हवेच्या झुळुकीचा माग काढत निघून जाते. झाडू किंवा टॉवेल फिरवला तर पंखांची हाडे मोडतात, आणि जखमी होऊन खाली पडलेले वटवाघूळ चावण्याची शक्यता अधिक असते. ते दमून भिंतीवर बसले, तर जाड चामड्याचे हातमोजे घालून त्याच्यावर खोके अलगद ठेवावे, मागून पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर उंचावर, झाडाच्या खोडाला किंवा खडबडीत भिंतीला लागून खोके आडवे धरावे. अनेक जातींना जमिनीवरून उडणे अवघड जाते. हातमोजे, खोके आणि पुठ्ठा या तीन वस्तूंना मी पाचपैकी पाच तारे देईन. यंत्राला एक, तोही दिवा रात्री वाट दाखवायला बरा पडतो म्हणून.

एका परिस्थितीत वटवाघूळ पळवायचेच नसते, आणि याचा उल्लेख यंत्राच्या खोक्यावर कुठेही नाही. ते कोणाला चावले किंवा ओरखडले असेल, अथवा झोपलेल्या माणसाच्या किंवा सांगता न येणाऱ्या लहान मुलाच्या खोलीत सापडले असेल, तर ते खोक्यात बंद ठेवून लगेच डॉक्टरांशी आणि आरोग्य विभागाशी बोलावे. त्याचे दात इतके बारीक असतात की दंशाची खूण दिसेलच असे नाही. जखम किंवा ओरखडा साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावा. वटवाघळाच्या दंशातून होऊ शकणारा रेबीज लक्षणे दिसू लागल्यावर जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो, त्यामुळे लस घ्यावी की नाही हा निर्णय वेळेत डॉक्टरांवर सोपवावा. रेबीजसाठी तपासणी वटवाघळाच्या मेंदूची होते, म्हणून त्याचे डोके ठेचलेले चालत नाही.

वस्तीच झाली असेल तर पैसे यंत्रावर किंवा डांबरगोळ्यांवर न घालवता फटी शोधणाऱ्या जाणकार माणसावर खर्च करावेत. लहान जातींना बोटाच्या जाडीची फटसुद्धा पुरते. वापरातल्या मुख्य फटीवर, बाहेर पडता येईल पण परत आत येता येणार नाही अशी जाळी किंवा गुळगुळीत नळी बसवून आठवडाभर ठेवतात, बाकीच्या फटी बुजवतात आणि सगळी बाहेर गेल्याची खात्री झाल्यावर तीही काढून फट बंद करतात. पिल्ले उडू लागेपर्यंत हे काम हाती घ्यायचे नसते, कारण आया बाहेर अडकतात आणि पिल्ले आत उपाशी मरतात. कामाला येणारा माणूस हे आपणहून विचारतो का, यावरून त्याची पारख करावी.