वारली प्रदर्शन: सरकारी अनुदान की कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी)?

सुरगाणा-पेठच्या चित्रकारांना नाशकात आणायचं, तर पैसा कुठून? केंद्राच्या अनुदानाला संस्थेची नोंदणी, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक, लेखापरीक्षण आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला लागतो. आमची फाइल एकदा परत आली, कारण गेरू आणि तांदळाच्या पिठाची पावतीच नव्हती! आठवडी बाजारात पावती देतं कोण?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडे गेलात तर बोलणं थेट होतं. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरचा पैसा चालणाऱ्या कामांच्या यादीत, पारंपरिक कला बसते. मात्र संस्थेकडे सीएसआर-1, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी हवी. अडचण एकच, बॅनरवर लोगो मोठा आणि चित्रकाराचं नाव बारीक. तरी पहिल्या प्रदर्शनाला मी कंपनीचंच दार वाजवेन. चित्रकारांचं मानधन तेवढं आधी लिहून घ्या.